शंभर लिटर पाणी आणि कोरडा सोनटक्का

काकूंचा फोन श्रावणात आला. "अरे, सोनटक्का नुसता पाल्यावर गेलाय. तीन वर्षं झाली, फुलाचं नाव नाही. येऊन बघ जरा."

काका-काकूंचं रो-हाउस पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला आहे. मागे छोटंसं परस, पश्चिमेला कुंपणाची भिंत, उत्तरेच्या कोपऱ्यात जुना आंबा. काकूंचं माहेर गुहागर तालुक्यातलं. तिथे न्हाणीच्या पाण्यावर अळू, केळी आणि सोनटक्का दाटीवाटीने वाढतात. गड्डे तिथूनच आणलेले, ओल्या गोणपाटात गुंडाळून, एसटीत सीटखाली ठेवून.

"आमच्याकडे त्याला मुद्दाम कुणी पाणी घातलेलं मी जन्मात पाहिलं नाही," काकू म्हणाल्या.

"आणि इथे मी रोज दहा मिनिटं पाइप धरून उभा असतो," काका म्हणाले. "तेव्हा पाणी कमी पडतंय हे सोडून काय ते सांग."

सगळं प्रकरण या दोन वाक्यांत होतं. मी चहा पीत ती ऐकली आणि सोडून दिली.

पहिली भेट आणि माझी चूक

सोनटक्का आलं-हळदीच्या कुळातला. जमिनीत आल्यासारखे गड्डे, वर सरळ दांडे, दांड्याच्या दोन्ही अंगांना लांब पानं आणि टोकाला हिरवं, खवल्याखवल्यांचं कणीस. एका दांड्याला कणीस एकदाच येतं. ते फुलून झालं की त्या दांड्याचं काम संपलं, पुढची फुलं नव्या दांड्यांना. म्हणजे नवे कोंब कधी निघतात आणि पावसाळ्याच्या मध्यापर्यंत किती जोमाने वाढतात, यावर त्या वर्षीचा बहर ठरतो. बरी जागा मिळाली तर दांडा छातीपर्यंत, कधी डोक्याच्याही वर जातो.

इथे सगळे दांडे कमरेएवढे होते. अडीच फुटांच्या जागेत चाळीसेक दांडे, त्यातले निम्मे गेल्या वर्षीचे वाळके. गठ्ठ्याच्या मध्यभागी गड्डे एकमेकांवर चढून मातीबाहेर आलेले, उन्हाने वरून हिरवे पडलेले. जुन्या पानांची टोकं तपकिरी, चुरचुरीत, हातात चुरा व्हावा अशी. नवी पानं मात्र फिकट, शिरा हिरव्या आणि शिरांमधली जागा पिवळट. भर श्रावणात, आभाळ भरलेलं असताना हे दृश्य जरा विचित्रच होतं.

गठ्ठा पश्चिमेच्या भिंतीला लागून होता. दुपारी एकपासून पाचपर्यंत थेट ऊन, शिवाय तापलेल्या भिंतीची धग. मी लगेच निकाल देऊन टाकला की ऊन जास्त होतंय. अर्धा गठ्ठा खणून आंब्याखाली हलवला, अर्धा तिथेच ठेवला. वाळके दांडे जमिनीलगत कापायला सांगितले आणि घरी आलो.

निदान अगदीच खोटं नव्हतं, म्हणूनच ते चुकीचं आहे हे कळायला वर्ष गेलं. पुढच्या गणपतीत आंब्याखालच्या दांड्यांची पानं रुंद, गर्द हिरवी झाली होती. दांडे खांद्याला लागत होते. कणीस एकही नाही. भिंतीजवळचा अर्धा गठ्ठा होता तसाच खुरटलेला. गौरीच्या वेणीसाठी काकूंनी सोनटक्का मंडईतून विकत आणला होता, आणि हे त्यांनी मला नैवेद्याचं ताट वाढता वाढता सांगितलं. टोमणा नव्हता, पण मला लागायचा तेवढा लागला.

सोनटक्क्याला सावली आवडते असं सगळेच म्हणतात. पण हे झाड मूळचं पूर्व हिमालयाच्या उताराचं आणि ईशान्येचं. तिथे ते ओढ्याकाठी, रानाच्या कडेला वाढतं, जिथे आभाळ उघडं असतं आणि दुपारचं कडक ऊन कशाआड तरी अडतं. जुन्या आंब्याच्या बुंध्याशी दिवसभर अंधारच. तिथे पाला छान येतो, फुलायची ताकद येत नाही. थोडक्यात, भिंतीजवळ उजेड होता आणि ओल नव्हती. आंब्याखाली वर्षानुवर्षांच्या पाल्याची ओल होती आणि उजेड नव्हता. हे दोन अर्धे समोर असल्यामुळेच भिंतीजवळ ओल नसावी ही शंका मला आली. काका रोज पाणी घालत असूनही.

कुदळ

एप्रिलमध्ये मी पुन्हा गेलो, मुद्दाम सकाळी, काकांच्या पाण्याच्या वेळेला. आधी पाइप बादलीत धरला. वीस लिटरची बादली दोन मिनिटांत भरली. म्हणजे दहा मिनिटांचे शंभर लिटर. पाणी घालून झाल्यावर अर्धा तास थांबलो आणि गठ्ठ्याच्या कडेला कुदळ मारली.

वरची दोन बोटं माती काळी, ओली. त्याखाली मातीचा रंगच बदलला. बोटांत धरली तर पिठासारखी उडाली. आणखी खाली कुदळ खणकन वाजली. विटांचे तुकडे, फुटक्या फरशा, गिलाव्याचे ढेकळ, मधूनमधून मुरूम. बांधकाम संपल्यावर उरलेला सगळा राडारोडा परसात पसरून वर सहा-आठ इंच माती टाकलेली. पुण्यातल्या निम्म्या बंगल्यांच्या आणि सोसायट्यांच्या बागा अशाच असतात, हे मला माहीत असायला हवं होतं. खड्ड्यात तांब्याभर पाणी ओतलं. डोळ्यांदेखत ते फटींतून खाली गेलं. रोजचे शंभर लिटर असेच भिंतीखालून बाहेरच्या गटाराकडे जात होते.

सोनटक्क्याचे गड्डे आडवे आणि वरच्या थरात पसरतात, मुळंही फार खोल जात नाहीत. पाणी त्यांच्या अंगावरून निघून जात होतं. सकाळी अर्धा तास पूर आणि उरलेले साडेतेवीस तास दुष्काळ, असा त्यांचा दिवस. एप्रिलच्या दुपारी पुण्यात हवेतली आर्द्रता विशीच्याही खाली उतरते, पारा चाळीसला भिडतो आणि पानं तर एवढी मोठी. नेमक्या याच दिवसांत नवे कोंब डोकं वर काढतात. ज्या दांड्याने फुलायचं त्याची मे-जूनमध्येच उपासमार झाली की पुढे ऑगस्टमध्ये कितीही पाऊस पडो, तो फक्त पानं सांभाळतो.

गुहागरला एप्रिल-मेमध्ये पाऊस पडतो अशातला भाग नाही. पण हवा दमट असते, आणि मुख्य म्हणजे न्हाणी असते. दहा माणसांच्या घरातली न्हाणी पहाटेपासून रात्रीपर्यंत थोडी थोडी वाहत राहते. ते पाणी पाचोळ्याने भरलेल्या काळ्या मातीत झिरपतं. साचत नाही आणि आटतही नाही. पाणी घातलेलं कुणी पाहिलं नाही, कारण ते दिवसभर आपोआप घातलं जात होतं.

पिवळ्या पानांचं कोडं उरलं होतं. खड्ड्यातली चिमूटभर माती बशीत घेतली आणि काकूंकडून व्हिनेगर मागून त्यावर चमचाभर टाकलं. माती सोड्यासारखी फसफसली. सिमेंट-गिलाव्यातला चुना मातीत उतरलेला. अशा चुनखड मातीत लोह असलं तरी मुळांना घेता येत नाही, आणि त्याची पहिली खूण नव्या पानांवर उमटते. शिरा हिरव्या, मधलं अंग पिवळं. आपल्याकडच्या काळ्या मातीतही थोडी फसफस होतेच, पण इथे बशीत फेस आला.

जळक्या टोकांचं कारण काकूंनीच सहज बोलताना सांगितलं. स्वयंपाकघरातल्या आरओचं टाकाऊ पाणी वाया कशाला घालवायचं म्हणून त्या रोज दोन बादल्या सोनटक्क्याला घालत होत्या. सोसायटीचं पाणी बोअरचं, उन्हाळ्यात टँकरचं. काकांकडे टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं यंत्र होतं. ते बुडवून बघितलं तर बोअरचं पाणी ६४०, आणि आरओमधून बाहेर फेकलेलं १,१५०. पिण्याच्या पाण्यातून काढलेला सगळा क्षार झाडाच्या वाट्याला येत होता. ते पाणी फरशी पुसायला, गाडी धुवायला, संडासात टाकायला चालतं. मोठ्या, मऊ पानांच्या झाडाला रोज घातलं की क्षार पानाच्या टोकाशी जमतो आणि टोक करपतं. काकूंना हे फार लागलं. "म्हणजे मीच का रे?" असं दोनदा विचारलं त्यांनी. तो दोष तिसऱ्या नंबरचा आहे, पहिले दोन बिल्डरचा आणि माझा, असं मी सांगितलं.

न्हाणी बांधली ती अशी

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, वळवाची एक सर पडून गेल्यावर काम काढलं. सोनटक्का उचलून लावायला पुण्यात हाच काळ मला बरा वाटतो. डोळे फुगलेले असतात आणि पुढे पाऊस असतो. जागा बदलली. स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या भिंतीलगत सकाळी सात ते अकरा ऊन येतं, नंतर घराचीच सावली.

सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दीड फूट खोल चर खणला. इथेही तोच राडारोडा. काकांनी घमेली मोजली, एकवीस भरली. तळाला खताची रिकामी प्लॅस्टिकची पोती उसवून अंथरली आणि त्यांना वीतभर अंतरावर सळईने भोकं पाडली. पाणी अडवायचं नव्हतं, त्याचा वेग कमी करायचा होता. भोकं न पाडता प्लॅस्टिक घातलं तर जुलैमध्ये टाकी तयार होते आणि गड्डे कुजतात.

त्यावर नारळाची सोडणं, म्हणजे वरची काथ्याची सालं. ही कल्पना माझी नाही, काकूंची. माडाच्या खड्ड्यात सोडणं पुरायची पद्धत कोकणात जुनी आहे, त्यांच्या वडिलांनी लावलेल्या प्रत्येक माडाखाली ती होती. गावाहून भावाने पोतंभर पाठवली. ती रात्रभर भिजवली, ते तांबूस पाणी ओतून दिलं, आणि पोकळ बाजू वर ठेवून, वाट्या मांडाव्यात तशी मांडली. त्यांच्यावर पोयटा माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि आंब्याखालचा काळा पालाखत, साधारण दोनास एकास एक. चर काठोकाठ भरला नाही. वाफा जमिनीपेक्षा दोन इंच खाली ठेवला, म्हणजे पाणी आणि पाचोळा दोन्ही आत येतील.

भिंतीजवळचा जुना गठ्ठा उपसला तेव्हा मधले गड्डे पोकळ, भुसभुशीत निघाले. त्यांना डोळेच नव्हते. ते फेकले. कडेच्या ताज्या गड्ड्यांचे दोन-तीन डोळ्यांचे, हाताच्या पंजाएवढे तुकडे केले, आडवे ठेवले, दोन इंच माती ओढली. दोन तुकड्यांत दीड फूट अंतर. काकूंना ते फार विरळ वाटलं. दोन वर्षांत जागा पुरणार नाही, असं सांगून त्यांना थांबवलं.

पाण्याचा प्रश्न काकांचा होता, आणि तो नाजूक होता, कारण सकाळची दहा मिनिटं पाइप धरून उभं राहणं हा त्यांचा आनंद होता. आधी त्यांनी वॉशिंग मशीनचा पाइप वाफ्यात सोडायचा प्रस्ताव मांडला. न्हाणीचंच पाणी ना ते? पण काकूंच्या लहानपणीच्या न्हाणीत शिकेकाई आणि राख होती. आजच्या साबणाच्या पावडरीत सोडियमचे क्षार असतात, ते साठत गेले की माती घट्ट होते, पाणी पीत नाही. ते नको म्हटलं.

मग दोन मटके आणले, प्रत्येकी आठ लिटरचे, कच्च्या लाल मातीचे, रंग न दिलेले. वाफ्यात गळ्यापर्यंत पुरले आणि डास होऊ नयेत म्हणून तोंडावर मातीच्या झाकण्या. मटका झिरपतो तो आजूबाजूची माती कोरडी असेल तेवढाच. माती ओली असली की थांबतो. हिशेब साधा होता. मे महिन्यात पुण्यात दिवसाला आठ-नऊ मिलिमीटर पाणी वाफ होऊन उडतं. बारा चौरस फुटांचा वाफा म्हणजे सव्वा चौरस मीटरच्या आत, त्याला दिवसाला दहा-बारा लिटर पुरतात. दोन मटके दिवसाआड भरायचे आणि भाज्या-तांदूळ धुतलेलं बादलीच्या तळाचं पाणी वरून घालायचं. झालं. काकांनी मटक्यात पट्टी बुडवून किती उतरलं ते वहीत लिहायला सुरुवात केली, तेव्हा पाइप सुटला हे मी ओळखलं. मेअखेरीला मटका दोन दिवसांत रिकामा होत होता. जुलैमध्ये दहा दिवस झाले तरी अर्धा.

नव्या पानांचा पिवळेपणा जावा म्हणून दोनदा फवारणी केली. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस म्हणजे फेरस सल्फेट आणि एक ग्रॅम सायट्रिक ॲसिड, तेही संध्याकाळी. ही मलमपट्टी होती. चुन्याचा राडारोडा निघाल्यावर पुढच्या वर्षी तिची गरज पडली नाही.

पुढे काय झालं

पहिल्या वर्षी दांडे छातीपर्यंत आले. गणपती कोरडे गेले. कोजागिरीच्या सुमारास एकाच दांड्याला एक बोटभर कणीस दिसलं, त्यातून पाच-सहा फुलं निघाली, थंडी आली आणि संपलं. काकूंनी त्यातलं एकही तोडलं नाही.

मधे एक घाबरगुंडी झाली. ऑगस्टमध्ये पानांच्या सुरळ्या होऊ लागल्या, कडा कुरतडलेल्या. काकूंनी फोटो पाठवून औषध विचारलं. सुरळी उलगडली तर आत हिरवट, पारदर्शक अंगाची, गडद डोक्याची अळी. ही ग्रास डीमन नावाच्या फुलपाखराची. ते आल्याच्या, हळदीच्या आणि सोनटक्क्याच्या पानांवर अंडी घालतं. त्याच्या काळपट पंखांवर मोठा पांढरा डाग असतो. चाळीस पानांतली चार त्याने खाल्ली तर खाऊ द्यावीत, असं माझं मत. काकूंनी तीन अळ्या तरीही उचलून हळदीच्या कुंडीत नेऊन सोडल्या.

दुसऱ्या वर्षी श्रावण संपता संपता कणसं दिसू लागली. तेवीस दांड्यांपैकी चौदांना. काकांच्या वहीत मटक्यांच्या आकड्यांशेजारी आता कणसांचा रकाना आला.

एका संध्याकाळी साडेपाचला मी तिथे होतो. कणसाच्या एका खवल्यातून पांढरी सुरळी बाहेर आली होती, भिजवलेल्या वातीसारखी पिळलेली. दिवेलागणीपर्यंत ती पूर्ण उघडली आणि स्वयंपाकघरात फोडणीच्या वासावर मात करून तिचा वास आत आला. एक फूल देठासकट ओढून बघितलं. खाली अडीच-तीन इंचांची बारीक नळी. ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो ते तीन मोठे पांढरे भाग म्हणजे रूप बदललेले पुंकेसर. खऱ्या पाकळ्या मागे दुमडलेल्या तीन अरुंद फिती, लक्षही जाऊ नये अशा. खरा पुंकेसर एकच, आणि स्त्रीकेसराचा धागा त्याच्या मधून ओवल्यासारखा वर येतो. एवढ्या लांब नळीतला मध प्यायला तेवढीच लांब सोंड हवी, म्हणून हे फूल अंधार पडता पडता उघडतं. लांब सोंडेचे मोठे पतंग त्या वेळेला फिरतात. दुसऱ्या संध्याकाळपर्यंत फूल पिवळसर होऊन लोंबतं, पण तोवर शेजारच्या खवल्यातून पुढचं निघालेलं असतं.

या झाडाला १७८३ साली शास्त्रीय नाव मिळालं ते योहान केनिग या तमिळनाडूतल्या तरंगमबाडीला येऊन राहिलेल्या, स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसच्या शिष्याकडून. हेडिकियम म्हणजे गोड बर्फ, आणि कोरोनॅरियम म्हणजे माळेत गुंफायचं. गजऱ्याची गोष्ट त्यालाही दिसली असणार. क्यूबाने याच फुलाला आपलं राष्ट्रीय फूल केलंय. ब्राझील आणि हवाईत मात्र ओढ्यांचे काठ याने असे व्यापले आहेत की लोक ते उपटत फिरतात. पुण्यातल्या भिंतीशी तीन वर्षं रुसून बसलेलं हेच ते झाड. म्हणून कोकणात किंवा घाटमाथ्यावर बाग असेल त्यांना एक विनंती, गठ्ठा विरळ करताना निघालेले गड्डे व्हाळात किंवा ओढ्यात टाकू नका. वाळवा किंवा कुणाला तरी द्या.

फुललेले दांडे काकू आता थंडीत जमिनीलगत कापतात आणि तुकडे करून त्याच वाफ्यावर अंथरतात. हिरवे, न फुललेले दांडे कापायचे नाहीत, हे त्यांनी साफसफाईला येणाऱ्या माळ्याला तीनदा सांगून ठेवलंय. सोडणं तीन-चार वर्षांत कुजून बसतील, तेव्हा वाफा पुन्हा उकरावा लागेल. आरओचं पाणी संडासात जातं.

आंब्याखालचा अर्धा गठ्ठा अजून तिथेच आहे, गर्द हिरवा, एकही कणीस नसलेला. तो उचलून पूर्वेच्याच भिंतीला, पहिल्या वाफ्याच्या पुढे लावायचा, असं काकांनी येत्या मेच्या कॅलेंडरवर लिहिलंय आणि खाली कंसात राडारोड्याचा अंदाज टाकलाय, घमेली पंधरा. मला विचाराल तर वीस तरी निघतील.